डिप्लोमानंतर सीपीडब्ल्यूडीची परीक्षा की आधी पदवी?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची लेक सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने सीपीडब्ल्यूडीचा ध्यास घेतलाय. लगेच परीक्षा द्यावी की आधी पदवी, आणि साइटवरचं काम मुलीला झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

पत्रात तीन खाती एकत्र झाली आहेत, ती आधी वेगळी करते. सीपीडब्ल्यूडी म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग. तो १८५४ पासून आहे आणि केंद्र सरकारच्या इमारती बांधणं, सांभाळणं हे त्याचं मुख्य काम. जिल्ह्यातला पीडब्ल्यूडी राज्याचा, त्याची भरती वेगळी. महामार्ग प्राधिकरण तिसरंच.

सीपीडब्ल्यूडीत ज्युनिअर इंजिनिअर होण्यासाठी स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा असते. ती डिप्लोमावर देता येते, वयोमर्यादा ३२, सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४००. त्याहून वरच्या अधिकारी पदासाठी यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा असते, तिला मात्र पदवी लागते, वय २१ ते ३०, मूळ वेतन ५६,१००. माझं स्पष्ट मत: थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला प्रवेश घ्यावा आणि ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षाही देत राहावी. अभ्यासाचे विषय बहुतेक तेच आहेत. मध्येच निवड झाली आणि घराला पगाराची गरज असेल, तर खुशाल रुजू होऊ दे. खात्यांतर्गत बढतीची वाट तिथे आहेच. बदली देशात कुठेही होऊ शकते, ही तयारी मात्र दोघींनीही आत्ताच करा.

आता झेपण्याचं. ताई, या नोकरीत अंगमेहनतीपेक्षा मनाचा कस जास्त लागतो. स्लॅब टाकायच्या दिवशी काँक्रीटची गाडी दारात उभी असते आणि ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ‘मॅडम, सळया बरोबर आहेत, करा सही.’ एकदा काँक्रीट पडलं की सळया कुणालाच मोजता येत नाहीत. तिने त्या क्षणी वर चढून सळईचा व्यास आणि दोन सळयांमधलं अंतर स्वतः मोजायचं, कमी असेल तर गाडी थांबवायची. मग त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, समोर भरून घ्यायचे, ७ आणि २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासायची. मापं एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढवायची. त्याच मापांवर ठेकेदाराचं बिल निघतं. कागदी एमबीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर आकडा कापून नवा लिहायचा आणि शेजारी सही करायची. आता हे काम संगणकावरही होतं, पण जबाबदारी तीच. यात मुलगी-मुलगा असा फरक मला कधी दिसला नाही. नीट बघणारी नजर आणि ‘नाही’ म्हणायची हिंमत लागते.

या सुट्टीत ओळखीच्या इंजिनिअरला विचारून तिला स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर पाठवा. हातात नकाशा, टेप आणि वही द्या. सळया मोजून ती वहीत उतरवू दे. संध्याकाळी घरी आली की क्लासची फी भरायची का, ते तिलाच विचारा.