वास येत नाही म्हणजे गॅस ठीक आहे का?

प्रश्न : आमचं घर पंधरा वर्षं जुनं आहे, सासूबाई म्हणतात काही होत नाही, पण मला गॅस आणि वायरिंगची धास्ती वाटते. नेमकं काय काय बघू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सुरुवात ओट्याखालूनच करा. गॅसच्या केशरी नळीवर तारीख छापलेली असते, सुरक्षा नळी असली तरी ५ वर्षांनी बदलायचीच, आणि वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर तारखेची वाट कशाला बघायची. जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती आहे, काडी पेटवून तपासणारे महाभाग अजून आहेत म्हणून सांगतेय! एलपीजी हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, त्यामुळे वास आला तर दिव्याचं बटण चालू नाही आणि बंदही नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन लावा.

वायरिंगचं म्हणाल तर गीझर कुठल्या सॉकेटवर आहे ते बघा. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो, तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावला की प्लग गरम होतो, काळा पडतो. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, सारखी पडते म्हणून मोठी बसवून देणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, आधी वायर जाड हवी. देवघरातल्या समईवर पडदा येत नाही ना, तेही बघाच. सासूबाईंना साबणाच्या पाण्याचं काम द्या, आवडेल त्यांना.