परदेशात बांधकामाचं काम घेताना स्थानिक भागीदार कसा निवडावा? वरपर्यंत ओळखी असलेला बघावा का?

ओळखी बघून तर मुळीच नको. कॉन्ट्रॅक्ट विभागात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली तीन अशाच एका ओळखीने खाल्ली.

रस्त्याचं काम होतं. देश कुठला ते सोडून द्या. स्थानिक कंपनी सोबत असली तर निविदेत जादा गुण होते. आमच्यापुढे दोघं होते. एकाचं ऑफिस काचेचं, भिंतीवर मंत्र्यांबरोबरचे फोटो. दुसऱ्याचं ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर, पण क्रशर आणि काँक्रीट बनवायचा बॅचिंग प्लांट स्वतःचे. आमच्या साहेबांनी काचवाला धरला. "मी माणूस बघितला की ओळखतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी हट्टाने त्यांना काचवाल्याच्या यार्डात नेलं. यादीत सहा एक्स्कॅव्हेटर, उभे तीन. त्यातल्या एकाच्या ट्रॅकमधून गुडघाभर गवत वर आलेलं. सिमेंटच्या सायलोला हातोडीने ठोकून बघितलं, तर वरचा भाग पोकळ आणि खालचा बद्द वाजला. आतलं सिमेंट केव्हाच दगड झालं होतं. साहेब म्हणाले, "मशीन भाड्याने मिळतं, ओळख भाड्याने मिळत नाही." वाक्य झकास होतं, त्यामुळे मीटिंगमध्ये मी हरलो.

करार 1999 च्या फिडिक रेड बुकवर, म्हणजे बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारावर होता. त्यात जेव्हीतला (भागीदारांच्या संयुक्त उपक्रमातला) प्रत्येक जण क्लायंटपुढे पूर्ण कामाला बांधील असतो. भागीदाराचा हिस्सा 40 टक्के असो नाहीतर 60, तो बाजूला झाला की सगळं तुमच्या गळ्यात. ॲडव्हान्स जेव्हीच्या खात्यात आला आणि स्थानिक खर्चाच्या नावाखाली त्याच्या एकट्याच्या सहीने दुसऱ्याच साइटवर गेला. क्लायंटला द्यायच्या बँक गॅरंट्या मात्र सगळ्या आमच्या बँकेच्या लिमिटमधून दिलेल्या. त्यात पत्रव्यवहार त्याच्या ऑफिसमधून. रस्त्याखालच्या एका मोरीचा पाया खणताना अचानक पाणी लागलं, आम्ही क्लेमची, म्हणजे जादा पैसे आणि मुदत मागण्याची नोटीस त्याच दिवशी लिहून त्याच्या ऑफिसला पाठवली. मुदत 28 दिवसांची. "जाईल आज-उद्या" करत ती 41 व्या दिवशी गेली. क्लेम बुडाला, काम रखडलं आणि शेवटी क्लायंटने गॅरंटी वठवली. ऑन-डिमांड, म्हणजे मागताच पैसे द्यायच्या गॅरंटीत चूक कोणाची हे बँक विचारत नाही. युआरडीजी 758 या अशा गॅरंट्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कागद तपासायला तिला कामाचे पाच दिवस असतात, बस.

तुमच्या प्रश्नाबद्दल: यार्ड न सांगता जाऊन बघा. त्याच्या खडीवाल्याला, डिझेलवाल्याला आणि सब-कॉन्ट्रॅक्टरला पैसे किती दिवसांनी मिळतात ते विचारा, ताळेबंदापेक्षा जास्त कळेल. खात्यावर दोन सह्या. गॅरंटीतल्या त्याच्या हिश्शापुरती त्याच्या बँकेची काउंटर-गॅरंटी, म्हणजे उलट हमी घ्या. नोटीस पाठवायचा अधिकार तुमच्या माणसाकडे. आपसातल्या वादासाठी लवाद तिसऱ्या देशात ठेवा. तो देश आणि भागीदाराचा देश दोन्ही परदेशी लवादाचे निवाडे मान्य करणाऱ्या 1958 च्या न्यूयॉर्क करारात आहेत ना, ते आधी बघा, नाहीतर निवाडा नुसता फाइलला लावायला.

काही ठिकाणी भागीदार कायद्यानेच घ्यावा लागतो, तिथे निवडीला वाव कमी. अमिरातीत मुख्य भूमीवर, म्हणजे फ्री झोनबाहेर, 51 टक्के हिस्सा स्थानिकाचा ही अट 2021 पर्यंत होतीच. आणि परवाने, कस्टम्स, जमिनीची भांडणं यात ओळखीचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण ते काम फी देऊन करून घ्या, त्यासाठी हिस्सा कशाला?

साहेबांशी हा वाद मी आजही घालतो. फक्त एक गोष्ट त्यांना कधी बोललो नाही. कंटेनरवाल्याकडे निविदेच्या आधी मीच गेलो होतो. आमचे दर बघून त्याने कागद परत सरकवला आणि म्हणाला, यात माझी खडीसुद्धा निघत नाही. ते दर मीच काढले होते. काचवाला त्याच दरांना पहिल्या चहाला हो म्हणाला.