फ्लॅप सर्जरी झाली, आता हिरड्यांना जरा स्वस्थ राहू द्या

या वेळी दातांच्या सदरात बरीचशी पत्रं हिरड्यांच्या ऑपरेशनचीच, म्हणजे फ्लॅप सर्जरीची आलीत (हिरडीचा पडदा, म्हणजे फ्लॅप, थोडा उचलून आतली मुळं साफ करायची आणि तो टाक्यांनी परत बसवायचा), त्यातली चार घेतलीत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण तेच प्रश्न बाकीच्यांनीही फिरवून फिरवून विचारलेत.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 52, जुळे सोलापूरला राहते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. चार दिवसांपूर्वी उजव्या बाजूच्या खालच्या हिरडीची फ्लॅप सर्जरी झाली, टाके आहेत. आज आरशात बघितलं तर टाक्यांवर पांढरट थर दिसतोय, पू झालाय का? सासूबाई म्हणतात हळद-मीठ दाबून लाव नाहीतर मिश्री बोटानं हलकेच फिरव, हिरडी घट्ट होते. आणि खायचं काय ते पण सांगा, आमच्याकडे कडक भाकरीशिवाय कुणाचं पान हलत नाही.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी त्या पांढऱ्या थराचं बघू म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. गुडघा खरचटला की त्यावर खपली धरते ना, तसंच तोंडात होतं, फक्त तिथं सतत लाळ असते म्हणून ती खपली वाळत नाही, ओली पांढरट-पिवळट दिसते. तो पू नाही, तो थर कापसानं किंवा नखानं पुसून काढायचा नाही, खाली नवीन कातडी तयार होत असते आणि तुम्ही खरवडलं की परत पहिल्यापासून सुरुवात. पू असेल तर बाकीची लक्षणं सोबत येतात : तीन दिवसांनंतर सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते, ठणका परत सुरू होतो, ताप येतो, दाबल्यावर घाण चवीचं काहीतरी येतं. यातलं एक जरी असलं तरी पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी गाल फुगला म्हणून घाबरायचं नसतं. थुंकीत हलका गुलाबी रंग पहिले एक-दोन दिवस चालतो. भळभळ रक्त आलं तर स्वच्छ गॉज ओला करून वीस मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका (हे सगळेच करतात), तरी थांबलं नाही तर तडक जा.

आता सासूबाई. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, तो टाक्यांवर चोळायचा हा विचारसुद्धा नको. मिश्रीनं हिरडी घट्ट होते असं वाटतं कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडीतून रक्त येणं कमी दिसतं, पण आजार आत चालूच असतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांचे दात हलायला लागेपर्यंत हिरडीतून रक्ताचा थेंब दिसलेला नसतो. हळद भाजीत खा भरपूर, टाक्यात भरू नका, पावडरचे कण फ्लॅपखाली अडकतात. लवंगतेल पण नको, नुसत्या जखमेवर ते भाजतं. मिठाच्या पाण्याला माझी ना नाही : चोवीस तासांनंतर, कोमट ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. पण खळखळून चूळ भरायची नाही, पाणी तोंडात घेऊन मान इकडं-तिकडं कलवायची आणि बेसिनमध्ये तोंड उघडून पडू द्यायचं. पिचकारी मारून थुंकलात की टाक्यांवर ताण येतो. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, पिंपात साठवलेलं असतं, म्हणून चूळ भरायचं पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

मुख्य काम माऊथवॉशचं आहे, बहुतेक तुम्हाला क्लोरहेक्सिडिन दिलं असेल, 0.2 टक्क्यांचं. दहा मिली, सकाळ-संध्याकाळ, मिनिटभर तोंडात धरायचं. ब्रश केल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास थांबा, टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळं त्याचा परिणाम कमी होतो. घेतल्यावर लगेच चहा पण नको नाहीतर दातांवर तपकिरी डाग जास्त पडतात. डाग पडले तरी घाबरू नका, नंतर पॉलिशिंगनं जातात, आणि जेवणाची चव थोडे दिवस बिघडते ती पण परत येते. ऑपरेशन केलेल्या बाजूला टाके निघेपर्यंत ब्रश नाही. पण डाव्या बाजूला आणि वरती नेहमीसारखा ब्रश करायचाच, हे लोक विसरतात आणि अख्खं तोंड पंधरा दिवस तसंच ठेवतात, मग सगळीकडं जंतूंचा थर साचतो आणि तेच जंतू जखमेकडं जातात.

खाण्याचं म्हणाल तर सोलापूरचा माणूस नशीबवान आहे, फक्त कडक भाकरी आणि शेंगा चटणी दोन आठवडे बाजूला ठेवा. कडक भाकरीचा तुकडा टोचतो हे कळतं सगळ्यांना, पण शेंगा चटणीचा रवाळ कण टाक्यात जाऊन बसतो आणि वर तिखट, ते कुणी लक्षात घेत नाही. कूट घातलेल्या आमटीचं पण तेच. त्याऐवजी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात, आंबील, मुगाचं घट्ट वरण नि गुरगुट्या भात, मऊ उकडलेलं अंडं, पनीर कुस्करून. जखम भरायला प्रथिनं लागतात, नुसत्या पेजेवर राहून अशक्तपणा आणू नका. सगळं कोमट किंवा गार, डाव्या बाजूनं खा, स्ट्रॉनं ओढून पिऊ नका. आणि तुमची शुगर आहे म्हणून खास सांगते, गोळी घेतली आणि दुखतंय म्हणून जेवण टाळलं तर काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते, खाणं कमी होत असेल तर गोळीचं काय करायचं ते तुमच्या फिजिशियनना विचारा. उलट बाजूनं, हिरडीला गार वाटतं म्हणून आईस्क्रीमवर राहिलात तर शुगर वाढेल, आणि वाढलेल्या शुगरमध्ये जखम सावकाश भरते, इन्फेक्शन पटकन होतं. घरी ग्लुकोमीटर असेल तर हे पंधरा दिवस जरा नेमानं बघा.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. पुढच्या आठवड्यात हिरडीचं ऑपरेशन आहे. मावा किती दिवस बंद ठेवायचा? रात्रपाळीत त्याच्याशिवाय जागं राहता येत नाही.

उत्तर : किती दिवस, हा हिशोबच चुकीचा धरलाय भाऊ, पण विचारलंत हे चांगलं केलंत, बरेच जण खिशात पुडी ठेवून खुर्चीत बसतात. हिरडी भरायला रक्तपुरवठा लागतो, आणि निकोटिन नेमका तोच आवळतं. त्यात माव्यातली सुपारी कडक, ती नवीन कातडी घासते, आणि चुना ती भाजतो. वरचं कातडं साधारण आठ-पंधरा दिवसांत जुळतं, पण आतली वीण पक्की व्हायला महिना-दीड महिना आणि हाडाकडचं काम त्याहून कितीतरी जास्त चालतं. म्हणजे टाके निघाले म्हणून पुडी फोडलीत तर आतलं काम अर्ध्यातच असतं. तंबाखू चालू ठेवणाऱ्यांमध्ये या ऑपरेशनचा फायदा कमी मिळतो हे आम्ही रोज बघतो, पैसे मात्र तेवढेच जातात. त्यामुळं आजपासूनच बंद करा, ऑपरेशनच्या सकाळी नाही. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, ते निघून जातं. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत क्विटलाईन आहे, 1800-11-2356, तिथं फोन करा. निकोटिनचं च्युइंगगम मात्र मनानं घेऊ नका, ताज्या टाक्यांवर चघळणं नको. आणि जमलं तर पहिले दोन-तीन दिवस रात्रपाळी मागू नका, जड गठ्ठे उचलणं तर अजिबात नाही, जोर लावला की रक्त सुरू होतं.

प्रश्न : हिरडीवर गुलाबी पुट्टीसारखं लावलं होतं, त्याचा तुकडा रविवारी जेवताना निघाला. दवाखाना बंद. परत टाके घालावे लागतील का?

उत्तर : नाही. त्याला पॅक म्हणतात, जखमेला धक्का लागू नये एवढ्यासाठी असतो, औषध नसतं त्यात जादूचं. बरेच डॉक्टर तो लावतसुद्धा नाहीत. चार-पाच दिवसांनी तुकडा पडला आणि दुखत नसेल, रक्त नसेल तर चूळ चालू ठेवा आणि सोमवारी दाखवा. पहिल्या एक-दोन दिवसांत अख्खा निघाला किंवा उरलेल्याची धार जिभेला कापत असेल तर मात्र रविवार असला तरी फोन करा. स्वतः ओढून काढू नका, टाका त्यात अडकलेला असू शकतो.

प्रश्न : ऑपरेशनला तीन महिने झाले. दुखत नाही पण दात लांब दिसायला लागलेत, मधे काळ्या फटी दिसतात, गार पाणी लागलं की झिणझिणतं. ऑपरेशन बिघडलं का?

उत्तर : बहुतेक नाही. आधी हिरडी सुजलेली होती म्हणून दात झाकलेला होता, सूज गेली, हिरडी खाली बसली, मुळाचा भाग उघडा पडला. हे ऑपरेशनच्या आधी नीट सांगायला हवं आणि ते आम्ही डॉक्टर लोक घाईत सांगत नाही, मग पेशंट तीन महिन्यांनी आरशासमोर हताश. झिणझिण्या आठवड्या-महिन्यांत कमी होतात, सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट रोज दोन वेळा वापरा, रात्री थोडी बोटानं लावून ठेवली तरी चालते. मे महिन्यात सोलापुरात माठातलं पाणी सोडवत नाही ते मला कळतं, पण बर्फाचं सरबत थोडं लांब ठेवा. कमी न होता वाढत गेलं किंवा एकाच दाताला रात्री आपोआप ठणका लागला तर दाखवा, ते वेगळं प्रकरण असू शकतं.

फटींचं म्हणाल तर त्यात आता साध्या ब्रशचे केस पोचत नाहीत. इंटरडेंटल ब्रश मिळतो, बाटली घासायच्या ब्रशचं पिल्लू दिसतं, तो घ्या. साईझ मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरांकडून बसवून घ्या, बारीक घेतला तर साफ होत नाही आणि जाड कोंबला तर हिरडी दुखावते. काडी, पिन, सेफ्टीपिन यातलं काही नको. आणि दर तीन महिन्यांनी तपासणी-क्लिनिंग ठरवून घ्या, तुमचे तीन महिने आत्ताच झालेत, म्हणजे पहिली तारीख याच आठवड्यातली.