स्वस्त धूळ-सेन्सरचा आकडा तपासताना
आकडा दिसला की लगेच भरवसा ठेवू नकोस. हे सेन्सर धूळ तोलत नाहीत. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून वजनाचा अंदाज बांधतात. म्हणून लाकडाचा भुसा, सिमेंट आणि वेल्डिंगचा धूर यांना एकच गुणक (सेन्सरचा आकडा खऱ्या वजनाशी जुळवायला ज्याने गुणायचं तो अंक) चालत नाही. कामाच्याच जागी, सेन्सरशेजारी हवा ओढणारा पंप आणि त्याला जोडलेला, आधी-नंतर वजन केलेला फिल्टर पूर्ण पाळीभर चालव, मग गुणक काढ. जास्त आणि कमी धुळीच्या दोन्ही पाळ्या घे. दोन-तीन सेन्सर एकत्र लाव. आपसातच जुळत नसतील तर पुढची मेहनत वाया. आर्द्रताही नोंदव, दमट हवेत आकडा चढतो. आणि ‘पीएम १०’चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, रकाना? बहुतेकदा बारीक कणांवरून मारलेला हिशेबच तो. सिलिकाचं (दगड-वाळूच्या धुळीतला फुफ्फुसांना घातक घटक) तर विचारूच नको, ते फिल्टर प्रयोगशाळेत गेल्यावरच कळतं.