विद्यापीठाच्या प्रशासनात जायचंय, त्यासाठी डिप्लोमा करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. मराठी माध्यमात शिकलो, एम.कॉम. झालंय, नेट निघाली आहे. शिकवण्यापेक्षा प्रशासनात रस आहे. पुढं कुलसचिव, जमलं तर कुलगुरू व्हायचंय. शैक्षणिक नेतृत्वाचा एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा करावा का?'

नुसतं 'प्रशासन' लिहिलं असतं तर मी वाचून पुढं गेलो असतो. खरं 'नेतृत्व' हा शब्द दिसला आणि जुनं दुखणं वर आलं. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याकडच्यांनी गोंधळू नये.) बेळगावातल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी ३१ वर्षं काढली. एस.डी.ए., म्हणजे कारकून म्हणून लागलो, सुपरिंटेंडेंट होऊन बाहेर पडलो.

नियमाचं आधी उरकतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कुलगुरू व्हायला प्रोफेसर म्हणून १० वर्षं लागतात, नाहीतर संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनातल्या नावाजलेल्या संस्थेत तितकीच. कुलसचिवाला ढोबळमानानं १५ वर्षं लागतात. ती शिकवण्यातली चालतात, नाहीतर प्रशासनातली, त्यातली ८ उपकुलसचिवाच्या दर्जाची. आपल्या कर्नाटकात कुलसचिव दोन असतात, एक प्रशासनाचा आणि एक मूल्यमापनाचा, म्हणजे परीक्षांचा. प्रशासनाच्या खुर्चीत सरकार बरेचदा के.ए.एस., म्हणजे राज्याच्या प्रशासकीय सेवेतला अधिकारी आणून बसवतं, मूल्यमापनाच्या खुर्चीत बहुधा प्राध्यापक असतो. तेव्हा शिकवायचा कंटाळा असेल तर सरळ के.ए.एस. द्या. नसेल तर वर्गावर जा. मधला रस्ता आमचा होता आणि तो सुपरिंटेंडेंटच्या टेबलापाशी संपतो.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय डिप्लोम्याबद्दल मला काय वाटतं ते कळायचं नाही.

१९९८ चा जून. राणी चन्नम्मा विद्यापीठ तेव्हा नव्हतं, ते २०१० ला झालं. आमची सगळी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. चंदगड तालुका महाराष्ट्रात, खरं तिथल्या पोरांना कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. शिनोळी, तुर्केवाडी, कोवाडकडची पोरं बारावी कोल्हापूर बोर्डाची करायची आणि सकाळच्या एस.टी.नं आमच्याकडं बी.ए., बी.कॉम.ला यायची. बाहेरच्या बोर्डाचं पोर म्हटल्यावर मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या बोर्डानं सोडल्याचा दाखला आला, त्यावर धारवाडहून एलिजिबिलिटी, म्हणजे पोर पात्र असल्याची विद्यापीठाची मान्यता आली. ती नसली की पुढं कुठंतरी निकाल अडकणार हे ठरलेलं.

त्या जूनमध्ये कोवाडकडचा एक शेतकरी खिडकीशी आला. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पास झालेली, कोल्हापुरात बी.एड.ला नाव लागलेलं. खरं निकालाच्या तक्त्यात तिच्या नंबरापुढं मार्कच नाहीत, निकाल राखून ठेवलेला. तिच्या बापानं खिडकीच्या जाळीतून तो चार घड्या पडलेला कागद आत सरकवला आणि म्हणाला, 'साहेब, पोरगी पास हाय म्हणत्यात, मग मार्क कुठं गेलं?' पायाशी रताळ्याची पिशवी. त्या भागात ऑफिसात येताना माणूस मोकळ्या हातानं येत नाही.

मी म्हटलं, 'विद्यापीठाचा घोळ असणार.' आम्ही नेहमी तेच म्हणायचो. एक सी.एल. टाकली आणि ७५ किलोमीटर धारवाड गाठलं. एलिजिबिलिटी सेक्शनमधल्या बाईंनी आधी 'नाळे बर्री' केलं, म्हणजे उद्या या. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये पोरीचं बी.एड. हातचं जातंय हे सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा लावून रजिस्टर काढलं. बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. या नावाचं मायग्रेशन आमच्याकडं आलेलंच नाही, म्हणाल्या. तीन वर्षांत एकदाही नाही.

परत येऊन कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एक खाकी पाकीट होतं, वर माझ्याच अक्षरात 'बाहेरचे बोर्ड, पाठवणे'. आत १४ मायग्रेशन सर्टिफिकेटं, टाचणीला गंज चढलेला. १९९५ च्या ॲडमिशनच्या गर्दीत मी ती एका जागी ठेवली होती आणि नंतर माझी बदली फीच्या टेबलावर झाली. 'पाठवणे' असं लिहिलेलं, पाठवणार कोण ते लिहिलेलं नव्हतं. उरलेल्या तेरांपैकी काहींनी मधेच कॉलेज सोडलेलं, काही नापास होऊन अडकलेली, म्हणून बोंब झाली नव्हती. ती एक वेळेवर पास झाली आणि सापडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धारवाड. तिथं नवा पेच. कोल्हापूर बोर्डाच्या कागदावर आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव. आमच्या फॉर्मवर कर्नाटकी पद्धतीनं नाव, बापाच्या नावाचं एक अक्षर आणि मग आडनाव. विद्यापीठाच्या हिशेबी त्या दोन वेगळ्या मुली. ॲफिडेव्हिट करा, प्राचार्यांचं पत्र आणा. निकाल सुटला तेव्हा बी.एड.च्या ॲडमिशनची तारीख आठ दिवसांनी उलटून गेली होती. तिचं वर्ष गेलं. तिच्या बापाला मी कपाटाचं सांगितलं नाही. रताळी आम्ही ऑफिसात उकडून खाल्ली होती.

पुढच्या वर्षापासून मी एक लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर घातलं. बाहेरच्या बोर्डाचं प्रत्येक पोर त्यात. बोर्डाच्या कागदावर नाव जसं आहे तसं, त्याच्या खाली आमच्या फॉर्मवर जसं जाणार तसं, आणि शेजारी पोराची सही. मायग्रेशन घेतल्याची तारीख, धारवाडला दिल्याची तारीख, नेणाऱ्याचं नाव. ॲडमिशन संपली की सगळ्यांचा एक गठ्ठा, एक चलन, आणि ऑफिसातला एक माणूस स्वतः जाऊन पोच घेऊन येणार. आधी प्रत्येक पोराला आम्ही 'तुझं तू बघ' म्हणून सोडत होतो. बारावी झालेलं चंदगडचं पोर धारवाडच्या त्या टेकडीवरच्या आवारात कुठल्या इमारतीत जाणार? त्यानंतर मी असेपर्यंत एलिजिबिलिटीसाठी आमच्या एकाही पोराचा निकाल अडकला नाही. या एका गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढं नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची टीम आली. नॅकच्या अहवालात नव्या उपक्रमांचं एक पान असतं. त्या पानावर आमचं रजिस्टर 'विद्यार्थी-केंद्री पात्रता कक्ष' होऊन अवतरलं. संकल्पना: मा. प्राचार्य. टीमसमोर सरांनी त्यावर दहा मिनिटं इंग्रजीत भाषण केलं, मी तेव्हा दाराशी चहाचे कप मोजत उभा होतो. संध्याकाळी धीर करून विचारलं, 'सर, त्यात ऑफिसचं नाव घालायला हवं होतं.' ते हसले. म्हणाले, 'कल्पना कुणाच्याही डोक्यात येते हो. राबवायला लीडर लागतो.' मी मान हलवली आणि घरी आलो. उत्तर मला त्या रात्री अडीच वाजता सुचलं, आणि ते आज तुम्हाला देतोय: सर, कल्पना डोक्यात नव्हती आली, गंजलेल्या टाचणीतून आली होती. खिडकीच्या आत बसल्याशिवाय ती टाचणी दिसत नाही.

थोर नावं घेऊन तुम्हाला गप्प करायचं नाही, खरं आपल्याच भागातली दोन घेतो. डी. सी. पावटे गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे, केंब्रिजचे रँग्लर, म्हणजे तिथली गणिताची परीक्षा पहिल्या वर्गात काढलेले. १९५४ ते १९६७ धारवाडचे कुलगुरू होते, आणि त्या आवाराला आजही पावटेनगर म्हणतात. खरं कुलगुरू व्हायच्या आधी ते मुंबई राज्याच्या शिक्षण खात्यात होते, शिक्षण संचालक झाले होते. सरकारी फाइल कुठं अडते हे माहीत असलेला माणूस गणितज्ञ असला की काय होतं ते धारवाडात जाऊन बघा. दुसरे जे. पी. नाईक, पलीकडच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे, म्हणजे देशाच्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव. अध्यक्षाच्या नावानं आयोग ओळखला जातो, ते रीतीनंच आहे. मी मात्र सचिवाचं नाव आधी घेतो. का ते वर वाचलंच असेल.

मराठी माध्यमाचं: अडचण मराठीची नाही, कन्नड न येण्याची आहे. माझे वडील १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला शेवटपर्यंत जात होते, त्यामुळं मला सीमाप्रश्न कुणी शिकवू नये. खरं नोटशीट, म्हणजे फाइलीतला शेरे लिहायचा कागद, कन्नडमध्ये चालते आणि ती वाचता न येणारा माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करतो. अर्धवट कन्नडचीही गंमत होते. आमच्या एका नव्या पोरानं स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत कन्नडमधलं 'कुलपती' तसंच मराठीत उतरवलं. कन्नडमध्ये कुलपती म्हणजे आपले कुलगुरू, आणि आपण ज्यांना कुलपती म्हणतो त्या राज्यपालांना ते कुलाधिपती म्हणतात. पत्रिका वाटून झाल्यावर दोन दिवस लोक विचारत होते, राज्यपाल येणार म्हणजे गाड्या कुठं लावायच्या?

आता थोडं उलट बाजूचं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. धारवाडला माणूस पाठवायचा म्हणजे ऑन ड्यूटी आणि प्रवासखर्च आला. संस्थेच्या मीटिंगमध्ये एका संचालकांनी 'पोरांची कामं कॉलेजनं का करायची?' असं विचारलं तेव्हा सर त्यांच्याशी भांडले होते. माणूस पाठवायच्या पत्रावर सही सरांचीच होती. त्यांच्या जागी आधीचे प्राचार्य असते तर माझं रजिस्टर पहिल्याच वर्षी कपाटात गेलं असतं, त्या पाकिटाशेजारी. हे मी त्यांना कधी बोललो नाही, त्यांनी माझं नाव घातलं नाही, फिटंफाट.

आणखी एक. मी सांगितलेले नियम २०१८ चे आहेत. जानेवारी २०२५ ला यूजीसीनं नवा मसुदा काढला, त्यात उद्योग आणि सार्वजनिक प्रशासनातल्या माणसांनाही कुलगुरूपद खुलं करायचं म्हटलं होतं. तेव्हा अर्ज करताना त्या वेळची जाहिरात वाचा, माझं उत्तर नको. आता ॲडमिशनही ऑनलाइन झाल्यात, गठ्ठा घेऊन जायचे दिवस गेले. नावाचा घोळ तेवढा आहे तिथंच आहे, माझ्या नातीचा फॉर्म भरताना गेल्या वर्षी पुन्हा भेटला.

डिप्लोम्याचं राहिलंच. फी किती ते तुम्ही लिहिलं नाही. पाच आकडी असेल तर करू नका. त्याऐवजी खानापुरातल्या एखाद्या कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून लागा आणि जून-जुलैत ॲडमिशन कमिटीत काम मागून घ्या. कुणी मागत नाही, लगेच देतील. खिडकीच्या आतली खुर्ची मागा, कमिटीच्या टेबलावरची नको.