दमा असलेल्या मुलीला थंडीत रात्री ऊब कशी द्यावी?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्या ६ वर्षांच्या मुलीला दमा आहे. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की पहाटे तीन-चारच्या सुमारास तिला खोकल्याची उबळ येते आणि धाप लागते. थंडी बाधू नये म्हणून आम्ही दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो, तिला जाड स्वेटर घालतो आणि सासूबाईंनी शिवलेल्या दोन वाकळी डोक्यावरून पांघरतो. तरीही त्रास कमी होत नाही. डॉक्टरांनी पंप दिला आहे, पण त्याची सवय लागते असे सगळे म्हणतात, म्हणून धाप लागली तरच देतो. काय करावे?
— एक आई

उत्तर : ताई, सर्वांत आधी ती शेगडी आजच खोलीबाहेर काढा. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतच माणसे दगावतात. हा धोका घरातल्या सर्वांनाच आहे. तुमच्या मुलीच्या श्वासनलिकांना तर शेगडीचा नुसता धूरही पुरेसा आहे. डासांची कॉइल आणि रात्रीचा धूप यांनाही तिच्या खोलीत जागा नसावी.

त्रास पहाटेच का होतो, हे समजून घ्या. शरीरातील कॉर्टिसोल हे संप्रेरक रात्री सर्वांत कमी असते आणि श्वासनलिका पहाटेच्या सुमारास मुळातच थोड्या आकसलेल्या असतात. दम्याच्या मुलांत हे आकसणे कितीतरी जास्त असते. त्यात गार, कोरडी हवा छातीत गेली की उबळ येते. म्हणजे थंडीपासून जपायला हवे हे तुमचे म्हणणे बरोबरच आहे, परंतु आपल्याकडे रात्रीचे तापमान साधारण १४-१५ अंशांपर्यंत उतरते, आणि तेवढ्या थंडीला सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायमोजे, कानटोपी आणि एक पांघरूण पुरते. मानेमागे हात लावून पाहा : मान ओलसर लागली तर कपडे जास्त झाले आहेत असे समजावे, कारण घामेजलेले मूल पांघरूण लाथाडते आणि पहाटे ओल्या अंगाने गारठते. नाक-तोंड मात्र कधीही झाकू नये.

आता वाकळीविषयी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. आजीच्या हातची ती ऊब मुलीला मिळायलाच हवी. पण पावसाळ्याचे चार महिने ती पेटीत दडपलेली असते, आणि दमट कापडात धुळीतले डोळ्यांना न दिसणारे जीव, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, भरपूर वाढतात. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात आणि त्यांच्या विष्ठेची अनेक दमेकरी मुलांना ॲलर्जी असते. तुम्ही ती डोक्यावरून पांघरता तेव्हा मुलगी रात्रभर तेच श्वासात घेत असते. म्हणून वाकळ चांगली धुऊन कडक उन्हात वाळवावी, ती झटकताना मुलीला लांब ठेवावे आणि वाकळीवर घट्ट विणीच्या सुती कापडाची खोळ चढवावी. ही खोळ, चादर आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला ६० अंशांच्या आसपास कढत पाण्यात भिजवून धुवावा, कारण त्याहून कोमट पाण्यात हे जीव सहसा मरत नाहीत.

खिडकीचे गणित गावात वेगळे असते. हंगामात गुऱ्हाळाचा धूर, फडातले पाचट पेटवल्याची काजळी आणि पहाटे अंगणात पेटलेला बंब, हे सगळे खिडकीतूनच आत येते. दुपारी हवा स्वच्छ असताना खोली उघडी ठेवावी, ऊन आत येऊ द्यावे आणि संध्याकाळी धुराकडची खिडकी लावावी. बंब तिच्या खोलीपासून शक्य तितका दूर हलवता आला, तर पहाटेचा निम्मा त्रास कशाने होत होता हे कदाचित तुम्हालाच उमगेल.

एवढे करूनही पंपाची हयगय झाली तर उपयोग नाही, हे मी कळकळीने सांगते. पंप दोन प्रकारचे असतात. साल्ब्युटामॉलसारखे औषध आकसलेली श्वासनलिका तेवढ्यापुरती उघडते. दुसरा, स्टेरॉइडचा पंप आतली सूज कमी ठेवतो आणि तो डॉक्टरांनी सांगितला असल्यास धाप नसतानाही रोज घ्यावा लागतो. तुमच्याकडचा कोणता आहे, हे त्यांना दाखवून नक्की विचारा. त्याची सवय लागत नाही. या वयात तो स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावूनच द्यावा : एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा शांत श्वास. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता तसाच वाळू द्यावा, कारण पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज निर्माण होते आणि औषध आतच चिकटून राहते.

रात्री श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मुलीला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आराम देणारा पंप तीन-चार तासांच्या आत पुन्हा द्यावा लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा किंवा जवळ असेल ते रुग्णालय, नाहीतर थेट कोल्हापूरचे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठा. आणि वाटेतही डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे तो पंप स्पेसरमधून देत राहा.