ते पुस्तक आधी कपाटावरून काढा

ताई,

तुमचा मुलगा सात वर्षांचा, यंदा तिसरीत जाणार. सुट्टी लागली त्याच दिवशी तुम्ही भिंतीवर तक्ता लावलात: रोज वीस पानं, वीस पानांना एक चांदणी, पाच चांदण्यांना अर्धा तास मोबाइल. बारा नवी पुस्तकंही आणलीत. आठवडाभर बरं चाललं. आता तो नुसती पानं उलटतो, गोष्ट विचारली की गप्प बसतो. याला वाचनाची गोडी कशी लावू, असं तुम्ही विचारलंय.

गोडी लागलेली होती. तुमच्याच पत्राच्या तळाशी, कंसात, तुम्ही लिहून गेलात: ‘हत्तीच्या पिल्लाचं एक फाटकं पुस्तक सारखं तेच तेच वाचायचा, पाठ झालं होतं, म्हणून कपाटावर ठेवून दिलं.’ त्या ओळीपाशी मी थांबले ती थांबलेच. खरं सांगते, राग आला मला.

पाठ झालं म्हणजे वाया गेलं असं का वाटलं तुम्हाला? सात वर्षांच्या पोराला नव्या पुस्तकात जोडाक्षर आलं की त्याचं सगळं लक्ष तिथेच खर्ची पडतं. ‘स्वच्छ’ फोडून, जुळवून होईपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. मग गोष्ट कुठून सांगणार? ओळखीच्या पुस्तकात तोच शब्द त्याला एका नजरेत दिसतो आणि लक्ष हत्तीच्या पिल्लाकडे जातं. अमेरिकेतले वाचनाचे अभ्यासक एस. जे सॅम्युएल्स यांनी 1979मध्ये हेच मांडलं. अडखळत वाचणाऱ्या मुलांना त्यांनी एकच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. वेग वाढला, चुका कमी झाल्या. आणि पुढचा, कधी न पाहिलेला उताराही मुलं पहिल्याच वाचनात आधीपेक्षा भराभर वाचू लागली. तुमचा मुलगा कुणी न सांगता हेच करत होता.

‘तो वाचत नाही, नुसतं म्हणून दाखवतो’ असं तुम्ही म्हणाल. मग त्याला शेजारी बसवून तेच पुस्तक तुम्ही वाचा आणि मधलं एक वाक्य गाळा. बघा कसा हात धरून थांबवतो.

चांदण्यांचंही सांगते. 1973मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं, बक्षिसाचं काहीच न ऐकलेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ त्या पेनांपाशी रमली. तुमच्या तक्त्यात तर बक्षीस मोबाइलचं आहे! वीस पानं म्हणजे मोबाइलच्या आधी भरायचा दंड, एवढंच त्याला कळलंय.

तेव्हा आज रात्री ते पुस्तक खाली काढा. धूळ पुसा, त्याच्या उशाशी ठेवा आणि काही बोलू नका. ‘वाच’ही म्हणू नका. तक्ता तो झोपल्यावर उतरवा. बारा नवी पुस्तकं त्याचा हात पोचेल अशा फळीवर राहू देत. त्यांच्याकडे तो कधी वळतो ते मोजत बसू नका. महिनाभर हत्तीचं पिल्लूच चाललं तरी चालू द्या.

सकाळी त्यानं पुस्तक उघडलेलं दिसलं तर फाटकी पानं चिकटवायला त्याच्याबरोबर बसा. कुठलं पान कुठे लागतं, हे तोच तुम्हाला सांगेल. एखाद्या पानापाशी तो रेंगाळेल, तेव्हा चिकटपट्टी हातात धरून थांबा.